‘माय सोंगणीले गेली’ या अंगाईच्या पुढच्या ओळी कोणाला आठवतात का? आणि मोबाइलवरच्या अंगाईबद्दल एक प्रश्न

प्रश्न : कोरडवाहू_लेक (दारव्हा तालुका, यवतमाळ)

माझी मुलगी सात महिन्यांची आहे. मी आमच्या ग्रामपंचायतीत संगणक परिचालक म्हणून काम करते. दिवसा मुलगी सासूबाईंजवळ असते आणि रात्री तिला निजवण्याचे काम माझ्याकडे असते. गेले तीन महिने मी तिला मोबाइलवर अंगाई लावून निजवते आहे. पाळण्याच्या वरच्या दांडीला मोबाइल बांधायचा, गाणे सुरू करायचे आणि दोरी हलवत बसायचे, असा आमचा क्रम ठरून गेला आहे. एकच गाणे आठ-दहा वेळा वाजल्यावर कधीतरी तिचा डोळा लागतो, आणि मध्येच एखादी जाहिरात वाजली की ती दचकून उठते व सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते.

मृगाच्या तोंडावर आमच्याकडे मोठे वादळ झाले. संध्याकाळी गेलेली लाइन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आली नाही आणि रात्री नऊच्या सुमारास माझा मोबाइल बंद पडला. मुलगी अर्धा तास रडत होती. मी पाळणा हलवला, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या, दूध पाजून पाहिले. तिचे रडणे वाढतच गेले. शेवटी सासूबाई छपरीतून आत आल्या, त्यांनी तिला माझ्या हातातून घेतले, बाजेवर बसून मांडीवर आडवे केले आणि लुगड्याच्या पदराने तिचे कपाळ अर्धे झाकले. मग त्या गाऊ लागल्या. सुरुवातीला त्यांचा आवाज चांगला चढा होता, जवळजवळ तिच्या रडण्याइतकाच, याचे मला नवल वाटले. दोन ओळींनंतर तो थोडा उतरला, पुढे आणखी उतरला, आणि थोपटणारा हातही आवाजाबरोबर मंद होत गेला. ओळ संपली की त्या शेवटचा स्वर नाकातून लांबवत आणि तेवढा वेळ हात तिच्या छातीवर नुसता टेकवून ठेवत. मुलीने पदराचे टोक मुठीत घट्ट धरले होते. ती मूठ सैल होताना मी कंदिलाच्या उजेडात पाहिली. सगळे मिळून पाच-सात मिनिटे लागली असतील.

तेव्हापासून मी विचारात पडले आहे. मोबाइलवरचा आवाज माझ्या सासूबाईंच्या आवाजापेक्षा कितीतरी गोड आहे, वाद्ये आहेत, सूर पक्के आहेत. तरी जे काम त्याला तासाभरात साधत नाही ते त्यांच्या थकलेल्या आवाजाला कसे साधले? मांडीची ऊब, थोपटणे, ओळखीचा आवाज की गाणे, यातले नेमके कशाने काम केले? माझ्या एका मैत्रिणीचे म्हणणे असे आहे की गाऊन, झुलवून निजवण्याची सवय लावूच नये, मूल आपले आपण निजायला शिकले पाहिजे. हेही कितपत खरे आहे? माझा आवाज गाण्याचा नाही असे मला शाळेत असल्यापासून सांगण्यात आले आहे, म्हणून मी आजवर तिच्यासाठी गायले नाही, आणि त्या रात्रीपासून ही गोष्ट मला लागून राहिली आहे.

शेवटी एक विनंती आहे. मी अकरा वर्षांची असताना माझी आई गेली. धाकट्या भावाला निजवताना ती जे गाणे म्हणत असे त्याच्या दोनच ओळी माझ्याजवळ उरल्या आहेत:

नीज नीज माह्ये बाई,
माय सोंगणीले गेली

भाऊ असूनही ती ‘बाई’च म्हणत असे, म्हणजे गाणे तिच्या आईकडून जसेच्या तसे आलेले असावे. पुढचे कोणाला ठाऊक असेल तर कृपया लिहावे.

उत्तर १ : सेवानिवृत्त_सेविका (मंगरूळपीर, वाशीम)

बाई, तुझे लिहिणे वाचले आणि लगेच उत्तर लिहायला बसले. मी अंगणवाडीत एकतीस वर्षे काढली, त्यामुळे निजवलेल्या लेकरांची मोजदाद माझ्याकडे नाही. दुपारच्या खिचडीनंतर सतरंजीवर पंधरा-वीस मुले आडवी करायची आणि त्यांच्यामधून फिरत गुणगुणायचे, हे रोजचेच काम होते. तुझ्या गाण्याच्या पुढच्या ओळी आमच्या भागात अशा म्हणतात:

नीज नीज माह्ये बाई,
माय सोंगणीले गेली;
दिस बुडता येईन
तुह्यासाठी शेंग ओली.

कायी गाय हंबरते,
वासरू वो दावणीत;
नोको रडू माह्ये माय,
दूध राखलं वाटीत.

यापुढे मला येत नाही, आणि कदाचित यापुढे ठरलेले काही नसेलही. आपल्याकडे दोन गोष्टींची गल्लत होते म्हणून सांगते. बारशाला बायका जमून म्हणतात तो पाळणा वेगळा. त्याचे शब्द ठरलेले असतात, कडवी क्रमाने येतात, आणि तोच पाळणा रामनवमीला भर दुपारी बारा वाजता व गोकुळाष्टमीला मध्यरात्री मूर्तीला झोका देऊन म्हटला जातो. तो ऐकायला लेकरू जागे असले तरी चालते. रोज निजवतानाचे गाणे मात्र घरातले आणि वावरातले असते, त्या दिवशी जे डोळ्यांपुढे आहे ते त्यात येते. सोंगणीच्या दिवसांत सोंगणी येते, कापूस वेचणीच्या दिवसांत पऱ्हाटी येते, पोळ्याच्या आठवड्यात बैलांची झूल येते. चाल बहुधा उसनी असते. आमच्या पिढीतल्या मुलींचा गळा भुलाबाईच्या गाण्यांवर तयार झाला, आणि भाद्रपद-आश्विनात महिनाभर दारोदारी म्हटलेल्या त्याच चाली पुढे संथ करून आम्ही आपापल्या लेकरांना ऐकवल्या. ज्यांच्या घरी जाते होते त्यांच्याकडे ओवीची चाल होती. पहाटे दळताना मांडीवर लेकरू, एक हात खुंट्यावर आणि तोंडाने ओवी, असे मी माझ्या आजीला पाहिले आहे.

तू विचारतेस की काम कशाने झाले. मी वावरातले सांगते, त्यावरून तुझे तू ठरव. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे तान्ह्या मुलाची आई दर घटकेला झोळीपाशी येऊ शकत नाही. धुऱ्यावरच्या निंबाला किंवा बाभळीला जुन्या लुगड्याची झोळी बांधायची, लेकरू त्यात टाकायचे आणि तासाला, म्हणजे पिकाच्या ओळीला, लागायचे. झोळीजवळून तास धरला की ती बाई मोठ्याने गाऊ लागे आणि शंभर पावले दूर गेली तरी तिचा आवाज येत राही. मी कितीतरी वेळा पाहिले आहे की आवाज चालू आहे तोवर लेकरू झोळीत निवांत असते आणि बायकांच्या बोलण्यात आई गप्प झाली की दोन-तीन मिनिटांत झोळी हलू लागते. तिथे मांडी नव्हती, थोपटणे नव्हते, नुसता आवाज होता. पण तो आईचाच होता, शेजारच्या तासातली दुसरी कोणी गात असली तर त्याने भागत नसे.

यातली एक बाजू मला आजही बोचते. झोळीची दोरी ओढायला बहुतेक वेळा त्या लेकराची सहा-सात वर्षांची बहीण बसवलेली असे, आणि शाळा सुरू झाल्यावरही ती तिथेच दिसे. तिला उठवून शाळेत नेण्यासाठी मी किती घरांचे उंबरठे झिजवले ते माझे मला माहीत. ती पोरही गातच असे.

ज्या वावरात दोन-चार दिवसांत फवारणी झाली आहे, तिथे झोळी बांधू नये, एवढे इथे वाचणाऱ्या सर्वांना सांगते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने मोठी माणसे दगावली, हे आपण विसरता कामा नये.

उत्तर २ : बालरोग_ग्रामीण (चंद्रपूर जिल्हा)

मी ग्रामीण रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ आहे. सेविकाताईंनी वावरात जे पाहिले त्याला संशोधनाचा भक्कम आधार आहे. गरोदरपणाच्या सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाळाला पोटात ऐकू येऊ लागते आणि त्या काळात त्याच्या कानावर सर्वांत जास्त पडतो तो आईचा आवाज. १९८० मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात असे दिसले की जन्मून तीन दिवसही न झालेली बाळे चोखण्याची लय बदलून दुसऱ्या स्त्रीच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज ‘मागून’ घेतात. तुमच्या मुलीची तुमच्या आवाजाशी सात महिन्यांहून जुनी ओळख आहे. तो आवाज शाळेतल्या गाण्याच्या परीक्षेला उतरला की नाही, याच्याशी तिला काही कर्तव्य नाही.

आता गाण्याविषयी. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या आसपासच्या बाळांना, चेहरा न दाखवता, अनोळखी भाषेतले गाणे आणि बोलणे ऐकवले. गाणे चालू असताना बाळे सरासरी नऊ मिनिटे शांत राहिली, तर बोलणे चालू असताना सुमारे चार मिनिटांत कुरकुरू लागली. हार्वर्डमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १४४ बाळांना परक्या भाषांतल्या अंगाया आणि इतर गाणी ऐकवण्यात आली, आणि अंगाई चालू असताना त्यांच्या हृदयाचे ठोके इतर गाण्यांच्या तुलनेत मंदावले. जगभरच्या अंगायांची घडण बरीच सारखी असते. लय संथ असते, स्वरांची उडी लहान असते, तेच ते पुन्हा येते आणि पुढे काय येणार हे आधी कळते. जिथे अनपेक्षित काही घडत नाही तिथे सावध राहण्याची गरज उरत नाही, आणि बाळाचे शरीर ते ओळखते.

या दोन्ही अभ्यासांत आवाज ध्वनिमुद्रित होता, हे मी मुद्दाम सांगतो. म्हणजे मोबाइलवरची अंगाई अगदीच निरुपयोगी आहे असे म्हणता येणार नाही. पण तुमच्या सासूबाईंनी जे केले ते कोणत्याही मुद्रणाला करता येत नाही. त्यांनी बाळाच्या रडण्याच्या पट्टीवरून सुरुवात केली आणि बाळ जसजसे उतरत गेले तसतशा त्याही उतरल्या. मुद्रित गाणे बाळाकडे पाहत नाही. ते रडत असले तरी गाणे त्याच गतीने चालते आणि झोपले तरी त्याच गतीने. अपुऱ्या दिवसांच्या २७२ बाळांवर अमेरिकेतल्या ११ रुग्णालयांत एक अभ्यास झाला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पालकांच्या आवडीचे गाणे अंगाईच्या चालीवर बाळाजवळ प्रत्यक्ष गायले गेले, बाळाच्या श्वासाकडे आणि हालचालीकडे लक्ष ठेवून गायले गेले, आणि त्याचा हृदयाच्या गतीवर व दूध ओढण्यावर चांगला परिणाम दिसला. पालकांची घालमेलही कमी झाली. आमच्याकडे कमी वजनाचे बाळ आईच्या छातीशी कांगारूसारखे बांधून ठेवतो, तेव्हा मी आईला सांगतो की येईल ते गुणगुण. ओठ शिवून बसलेल्या, घाबरलेल्या आईने पहिली ओळ म्हटली की तिचा स्वतःचा श्वास आधी लांबतो. बाळ तिच्या छातीवरच असते, त्याला तो लांबलेला श्वास लगेच कळतो.

भाषा शिकण्याच्या बाबतीत फरक आणखी स्पष्ट आहे. २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसलेल्या माणसाकडून ती ऐकणारी बाळे त्या भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली. तीच माणसे, तेच बोलणे पडद्यावर किंवा नुसत्या आवाजात मिळालेली बाळे शिकली नाहीत.

पाळण्याच्या दांडीला मोबाइल बांधणे मात्र आजपासून बंद करावे. तो अंगावर पडू शकतो, आणि इतक्या जवळून येणारा आवाज तान्ह्या कानांना फार होतो. बाळांना निजवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या १४ आवाजयंत्रांची तपासणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा पूर्ण आवाजावर ती सर्वच यंत्रे नवजात कक्षासाठी ठरवलेल्या ५० डेसिबलच्या मर्यादेपलीकडे गेली होती. पडदा तर नकोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाखालील बाळाला पडद्यापुढे अजिबात ठेवू नये, आणि चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दिवसा-रात्री मिळून १२ ते १६ तासांची झोप मिळावी.

तुमच्या मैत्रिणीच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. पूर्ण झोप लागेपर्यंत दरवेळी झुलवले तर मध्यरात्री जाग आल्यावर बाळ तोच झोका शोधते. म्हणून गाणे सोडू नका, त्याची जागा ठरवा. अंग पुसणे, दूध, दिवा मंद करणे आणि मग तेच एक गाणे, असा क्रम रोज ठेवावा आणि डोळे जड झाले, पण मिटले नाहीत, अशा वेळी खाली ठेवून पाहावे. जमले नाही तर पुन्हा उचलून घ्यावे; सात महिन्यांच्या बाळाला मांडीवर घेतल्याने ते बिघडत नाही. ज्या रात्री रडणे थांबत नाही, त्या रात्रीसाठी जपानी संशोधकांनी २०२२ मध्ये सुचवलेला उपाय मी पालकांना सांगतो: उचलून पाच मिनिटे एकसारख्या चालीने चालावे, झोप लागल्यावर घेऊन पाच ते आठ मिनिटे बसून राहावे आणि मगच खाली ठेवावे.

झोळीबद्दल सेविकाताईंशी माझा थोडा मतभेद आहे. लहान बाळाची हनुवटी झोळीत छातीला टेकते आणि श्वास अडू शकतो. झोळी वापरावीच लागली तर कोणी तरी सतत पाहत असावे, आणि झोप लागली की बाळाला सपाट जागी, पाठीवर, उशीशिवाय निजवावे. मोहरीची उशीही नको. निजत नाही म्हणून सर्दी-खोकल्याचे गुंगी आणणारे औषध पाजण्याचे प्रकार मी दर हिवाळ्यात पाहतो. त्यात बाळ दगावू शकते. आणि बाळ ताप, दूध न पिणे, फुगलेली टाळू किंवा नेहमीपेक्षा वेगळे, किंचाळल्यासारखे रडणे अशा कोणत्याही लक्षणासह रडत असेल, तर त्या वेळी अंगाईत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे.

कोरडवाहू_लेक :

डॉक्टरसाहेब, सेविकाकाकू, मनापासून आभार. मोबाइल दांडीवरून काढला आहे. काकू, ‘शेंग ओली’ वाचले आणि ती ओळ आईच्या आवाजातच कानावर आली. वीस वर्षांत ती मला एकदाही आठवली नव्हती. आज मी एवढेच लिहू शकते.

उत्तर ३ : खंजेरी (आर्वी तालुका, वर्धा)

इथे सगळे आईचे आणि आजीचेच बोलत आहेत म्हणून लिहितो. माझी पत्नी दोन्ही बाळंतपणांनंतर बराच काळ आजारी होती आणि मुलांना निजवण्याचे काम माझ्याकडे होते. मला अंगाई येत नव्हती. आमच्या गावात रोज संध्याकाळी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते; मी लेकराला खांद्यावर टाकून तिथे जाऊन बसे आणि प्रार्थना संपेपर्यंत ते झोपलेले असे. घरी असलो की तेच भजन खंजेरीशिवाय, हळू आवाजात म्हणत असे. पुरुषाचा जाड आवाज छातीतून निघतो आणि छातीशी धरलेल्या लेकराला तो ऐकू येतो तसा अंगाला जाणवतोही, असा माझा अनुभव आहे. आता मी आबाजी झालो आहे आणि नातवालाही तसेच निजवतो. ताई, मुलीच्या वडिलांनाही हे काम द्या. एक मात्र करू नका: निज, नाहीतर बागुलबुवा येईल, असे गाण्यात आणू नका. माझ्या थोरल्याला कोणी तरी ते ऐकवले आणि पुढे दोन वर्षे तो दिवा विझवू देत नसे.

उत्तर ४ : बोलीअभ्यासक (अमरावती)

मी महाविद्यालयात लोकसाहित्य शिकवतो. डॉक्टरांनी म्हटल्याप्रमाणे परक्या भाषेतली अंगाईही बाळाला शांत करते हे खरे आहे, आणि तरीही शब्दांना मी दुय्यम मानणार नाही. पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात बाळाचा कान आपल्या घरच्या भाषेतल्या ध्वनींकडे वळत जातो. मोबाइलवरच्या बहुतेक मराठी अंगाया प्रमाण भाषेत आहेत. त्यांत ‘डोळे’ आहेत, ‘काळी’ आहे, ‘पाळणा’ आहे. तुमच्या घरात मात्र ‘डोये’, ‘कायी’ आणि ‘पायना’ आहे, ‘वावराला’ नसून ‘वावराले’ आहे. शाळेत गेल्यावर प्रमाण भाषा येईलच. पण निजतानाच्या, सर्वांत निर्धास्त घटकेला कानावर पडणारी भाषा आजीची असावी, असे मला फार वाटते. विदर्भात आपण किती भाषांत लेकरे निजवतो याचा विचार करून पाहावा. वऱ्हाडी आणि झाडीबोली आर्य कुळातल्या, यवतमाळच्या पोडांवरची (कोलामांच्या वस्त्यांवरची) कोलामी आणि गडचिरोलीतल्या गोंडी व माडिया द्राविड कुळातल्या, आणि मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली. तीन वेगवेगळ्या भाषाकुळांतल्या आया एकाच रात्री, दोन-तीनशे किलोमीटरांच्या आत, आपापल्या लेकरांना थोपटत असतात.

या गाण्याला आपल्याकडे कधी हलके मानले गेले नाही. मार्कंडेय पुराणातली मदालसा मुलांना निजवताना आत्मज्ञान सांगते, आणि मुक्ताबाईंनी वयाने कितीतरी मोठ्या असलेल्या चांगदेवांना बाळ मानून पाळणा गायला.

तुमच्या गाण्यातल्या एका शब्दाकडे मला लक्ष वेधायचे आहे. ‘दिस बुडता येईन.’ प्रमाण मराठीत ‘येईन’ म्हणजे ‘मी येईन’, आणि ‘ती’साठी ‘येईल’ लागते. वऱ्हाडीत मात्र ‘पाऊस येईन’, ‘तो जाईन’ असेच म्हणतात. मी आणि ती, दोघींसाठी रूप एकच. त्यामुळे हे गाणे आजी म्हणते तेव्हा त्याचा अर्थ ‘तुझी माय दिवस बुडता येईल’ असा होतो, आणि तीच ओळ झोळीजवळून तास धरताना आई म्हणते तेव्हा ‘मी येईन’ असा होतो. एक अक्षरही न बदलता गाणे एकीच्या तोंडून दुसरीच्या तोंडी जाते. कोणी हे गाणे प्रमाण भाषेत ‘शुद्ध’ करून छापले तर ‘येईल’ आणि ‘येईन’ यातले एक निवडावे लागेल, आणि मग दोघींपैकी एकीला ते म्हणता येणार नाही.

सासूबाईंची गाणी नोंदवून घ्या. त्यांना समोर बसवून ‘म्हणा’ म्हटले तर त्या दोन ओळी म्हणून थांबतील. त्या निजवत असताना मोबाइल दूर कोनाड्यात ठेवून द्यावा, आणि नंतर लिहिताना त्या जसे उच्चारतात तसेच लिहावे, ‘ळ’ घालू नये. मात्र हे त्यांना आधी सांगून, त्यांच्या संमतीने करावे.

कोरडवाहू_लेक :

दोन आठवड्यांनी लिहिते आहे. पहिले चार दिवस कठीण गेले. मोबाइल नाही म्हणून मुलगी वरच्या रिकाम्या दांडीकडे पाहत रडत होती. पाचव्या दिवसापासून मी सासूबाईंसारखे करू लागले, आधी तिच्या रडण्याइतक्या आवाजात आणि मग तिच्याबरोबर खाली. आता वीस मिनिटांच्या आत ती निजते. रात्री दोनला अजूनही उठते, पण पहिल्या कडव्यातच पुन्हा डोळे मिटते. हिचे बाबा दोन रात्री खांद्यावर घेऊन फिरले, त्यांना गाणे येत नाही म्हणून ते पाढे म्हणत होते, आणि बाराच्या पाढ्याला ती झोपली.

सासूबाईंना गाणे वाचून दाखवले. त्यांच्या माहेरी, नेर तालुक्यात, हेच गाणे आहे, पण ‘माय सोंगणीले’ऐवजी ‘माय निंदणाले’ म्हणतात. त्यामुळे त्यांच्याकडे शेंगेची ओळ नाही, कारण निंदणाच्या दिवसांत ओली शेंग कुठून येणार, असे त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे एक कडवे जास्तीचे आहे. ते त्यांनी सांगितले तसेच लिहिते:

झोका निंबाच्या फांदीले,
वारा हालवते दोरी;
चांद आला आंगनात,
नीज आता माह्ये पोरी.

सर, ‘येईन’विषयी तुम्ही लिहिलेले मी त्यांना सांगितले. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या की त्या वावरात जात असत तेव्हा त्यांच्या सासूबाई हीच ओळ म्हणत, आणि घरी परतल्यावर रात्री त्या स्वतः म्हणत, तेव्हा तर त्या आलेल्याच असत. तरी ओळ तीच म्हणायच्या. आता मी साडेनऊला ग्रामपंचायतीत जायला निघते, तेव्हा त्या मुलीला कडेवर घेऊन दारात उभ्या राहतात आणि गाण्यातले तेवढेच, ‘दिस बुडता येईन’, म्हणतात.

काकू, तुमच्याकडच्या गाण्यात ‘निंदण’ कोणी म्हणते का, ते कृपया विचारून सांगा.